तीस प्रती घ्यायच्या की सहा?

प्रश्न : बी.ए. प्रथम वर्षाला 60 मुले आहेत. नेमलेल्या कादंबरीच्या 30 प्रती घ्या, असा विभागाचा आग्रह आहे. पुस्तकखरेदीचे पैसे फेब्रुवारीअखेर हाती येतात आणि मार्चमध्ये विक्रेता आणेल त्या गठ्ठ्यांतूनच खरेदी उरकावी लागते. काय करावे? (ग्रंथपाल, सोलापूर जिल्हा)

उत्तर : आधी प्रतींचा हिशेब करू. पुस्तक सात दिवसांसाठी देता असे धरले, तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात एक प्रत कागदावर 15 मुलांकडे जाते. प्रत उशिरा परत येण्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी राहण्यात गेलेले आठवडे वजा केले की उरतात दहा मुले. म्हणजे साठ मुलांना सहा प्रती पुरतात. सातवी वाचनकक्षातच ठेवा, ती बाहेर द्यायची नाही. परीक्षेआधीच्या पंधरवड्यात सगळ्यांना एकदमच हवी असते, तेव्हा तीसही कमीच पडतील. तेवढ्यापुरते रात्रीच्या बोलीवर द्या : संध्याकाळी पाचला न्यायची, सकाळी दहाला आणायची. उरलेल्या तेवीस प्रतींच्या पैशांत तेवीस वेगळी पुस्तके येतात.

पैसे मार्चमध्ये आले म्हणून यादीही मार्चमध्ये करायची असे नाही. जूनपासून देवघेवीच्या टेबलावर शंभर पानी वही ठेवा. त्यात तारीख, पुस्तक, वर्ग आणि ‘नव्हते की बाहेर होते’ एवढे चार रकाने पुरेत. शेवटचा रकाना कधी रिकामा सोडू नका. ‘नव्हते’ असेल तर नवे शीर्षक लागते, ‘बाहेर होते’ असे तीन-चारदा आले तर आणखी एक प्रत. प्राध्यापकांकडे नुसती ‘यादी द्या’ म्हणून चिठ्ठी पाठवली तर ती बहुधा टेबलावरच राहते. त्याऐवजी प्रकाशकांच्या सूचीतली दहा नावे छापून द्या आणि बरोबर-चूक अशा खुणा करून मागा. खोडायला सगळ्यांनाच आवडते.

पसंतीसाठी आलेले गठ्ठे शिक्का मारण्याआधीच तपासा, कारण शिक्का बसला की विक्रेता परत घेत नाही. शीर्षकपानामागे नुसते ‘पुनर्मुद्रण’ लिहिले असेल तर ती नवी आवृत्ती नव्हे, जुनी प्रत असेल तर ती पुरेल. पानांचे आकडे सलग आहेत का तेही चाळा. सोळा पानांचा एखादा फर्मा गळालेला किंवा दोनदा बांधलेला निघतो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, बिलात लावलेला दिसला तर विचारा.

प्रश्न : एकूण 18,000 पुस्तके आहेत. यंदाच्या साठा पडताळणीत 38 सापडली नाहीत, ती आमच्या पगारातून भरून घेण्याची भाषा चालू आहे. शिवाय अभ्यासक्रम बदलल्याने जुनी क्रमिक पुस्तके ढिगाने पडून आहेत. ती रद्दीत द्यावीत का? (ग्रंथपाल, परभणी)

उत्तर : ‘हरवली’ असे लिहिण्याआधी महिनाभर शोधा. वर्गांकातले, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरच्या विषयक्रमांकातले, आकडे उलटे वाचून लावलेली पुस्तके हमखास निघतात. 547 म्हणजे सेंद्रिय रसायन. त्यातले एखादे 574 मध्ये, जिथे ड्यूई या विषयवार वर्गीकरण पद्धतीच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे जीवशास्त्र आहे, जाऊन बसते. मांडणीच्या मागे घसरलेली, बांधणीला गेलेली आणि विभागाच्या कपाटात ‘दोन दिवसांसाठी’ नेलेली पुस्तकेही पाहा.

उरलेल्यांसाठी केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधला नियम 215 दाखवा. बेइमानी किंवा निष्काळजीपणा नसेल, तर वर्षभरात दिलेल्या व वाचनकक्षात वापरलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे तो वाजवी मानतो. हे प्रमाण एकूण साठ्यावर लावले जाते ते चूक. तुमची वर्षाची देवघेव व वाचनकक्षातला वापर मिळून 9,000 असेल तर मर्यादा 45 होते, 38 त्यात बसतात. मात्र हजार रुपयांहून महाग पुस्तक किंवा दुर्मीळ ग्रंथ असेल तर चौकशी करावीच लागते. वीस हजारांपर्यंत साठा असेल तर पडताळणी दरवर्षी, असेही तिथेच आहे. हे नियम केंद्र सरकारसाठी आहेत. अनुदानित महाविद्यालयांत ते आधार म्हणून दाखवता येतात, पण लेखापरीक्षकांशी आधी बोलून घ्या.

आता ढीग. थेट रद्दीवाला बोलावू नका. तारीखपट्टीवर (पुस्तकात चिकटवलेल्या, परतीच्या तारखेच्या शिक्क्यांच्या कागदावर) पाच वर्षांत एकही शिक्का नसलेली आणि अभ्यासक्रमातून गेलेली पुस्तके वेगळी काढा. प्रत्येक शीर्षकाच्या दोन प्रती ठेवा, कारण मागे राहिलेले विद्यार्थी जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा देत असतात. प्राप्तिकर, कंपनी कायदा, संगणक यांची जुनी पुस्तके मात्र निर्धास्त काढा. ती नुसती निरुपयोगी नाहीत, मुले त्यातले जुने दर आणि कलमे उत्तरपत्रिकेत लिहितात. कलनाचे जुने पुस्तक चालते. कविता-कादंबऱ्यांना हा पाच वर्षांचा नियम लावूच नका. जिल्हा गॅझेटियर, गावच्या संस्थांच्या स्मरणिका, स्थानिक लेखकांची पुस्तके यांना तर हातही लावू नका, ती पुन्हा मिळत नाहीत.

दाखल क्रमांक (पुस्तक आल्यावर नोंदवहीत मिळालेला त्याचा स्वतःचा क्रमांक), नाव, किंमत आणि कारण अशी यादी करून ग्रंथालय समितीचा आणि व्यवस्थापनाचा ठराव घ्या. मग दाखल नोंदवहीत त्या ओळीसमोर लाल शाईने ‘बाद’, ठराव क्रमांक आणि तारीख लिहा. तो दाखल क्रमांक पुन्हा कधीही दुसऱ्या पुस्तकाला देऊ नका, पुढच्या पडताळणीचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कोहा ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली वापरत असाल तर नोंद पुसू नका, ‘विथड्रॉन’ (काढून टाकलेले) अशी खूण करा. लेखा विभागाला यादी द्या, नाहीतर त्यांच्या वहीत ती किंमत तशीच चालू राहते. शेवटी महाविद्यालयाच्या प्रत्येक शिक्क्यावर ‘बाद’ मारा. हे राहिले तर तीच पुस्तके फुटपाथवर दिसतात आणि चोरीचा बोभाटा होतो.

प्रश्न : निवृत्त प्राध्यापक 700 पुस्तके देत आहेत. अट अशी, की त्यांच्या नावाचे स्वतंत्र कपाट हवे. घ्यावीत का? (ग्रंथपाल, रत्नागिरी)

उत्तर : पुस्तके घ्या, कपाटाची अट घेऊ नका. वेगळ्या कपाटातला इतिहास इतिहासाच्या मांडणीवर दिसत नाही आणि न दिसणारे पुस्तक कोणी मागत नाही. प्रत्येक पुस्तकात देणगीदाराच्या नावाची चिठ्ठी चिकटवू असे सांगा, बहुतेकांना ते पटते. निवड आम्ही करू आणि उरलेली परत देऊ किंवा अन्यत्र पाठवू, हे पुस्तके आणण्याआधी लेखी घ्या. कोकणातली पुस्तके म्हणजे कसर आणि बुरशी आलीच. आठ दिवस वेगळ्या कोरड्या खोलीत ठेवा, कोरड्या ब्रशने इमारतीबाहेर झाडा, आणि मगच मांडणीजवळ न्या. उन्हात वाळत घालू नका, पुठ्ठे वाकतात.