साडेसहा फुटांची पाणंद आणि दोन गाड्या

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. डांबरी सडकेपासून घरापर्यंत दीड किलोमीटर पाणंद. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपण), मध्ये एक पऱ्या (ओढा), शेवटी कातळाचा चढ. पाणंदीची सगळ्यात अरुंद जागा टेपने मोजली, साडेसहा फूट भरली. घरात आम्ही दोघं आणि आई. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, महिन्यातून एकदा तिला रत्नागिरीला न्यावं लागतं. महिंद्राची थार (तीन दारांची) आणि मारुतीची जिम्नी या दोन गाड्यांवर घोडं अडलंय. दोन्ही ३,९८५ मिलिमीटर लांब, दोन्ही फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद). मुलगा थारसाठी हटून बसलाय. काय घेऊ?

– एक बागायतदार, राजापूर

उत्तर : टेप घेऊन पाणंदीत उतरलात, निम्मं काम तिथेच झालं. माझ्याकडे येणारी माणसं अश्वशक्ती विचारतात, गडग्याचं माप कुणी आणत नाही.

थारची रुंदी १,८२० मिलिमीटर, म्हणजे सहा फुटांना जेमतेम अर्धा इंच कमी. जिम्नी १,६४५, साधारण पाच फूट पाच इंच. तुमच्या साडेसहा फुटांत थार अगदी मधोमध धरली तर दोन्हीकडे तीन-तीन इंच उरतात. जिम्नीला साडेसहा-साडेसहा. ही मापं आरसे सोडून आहेत; गडगा कमरेएवढाच असेल तर आरसे वरून निघून जातील. कोरड्या दिवशी, सावकाश, तीन इंचांत गाडी जाते. पण आषाढात पाणंदीला चर पडतात, गाडी चराच्या बाजूला कलते आणि ते तीन इंच कुठे जातात कळत नाही. जांभा मऊ म्हणतात, पत्र्याला विचारा. गडगा हातभर मागे सरकवावा हा सल्ला मी देणार नाही. पलीकडची जमीन चुलत्यांची असणार आणि ते प्रकरण गाडीच्या हप्त्यांपेक्षा जास्त वर्षं चालेल.

आता आईंचं. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून, वाकून, आत चढावं लागतं. शोरूममध्ये तुमचा मुलगा टुणकन जाईल, त्याचं काय! आईंना पुढे बसवाल, मग प्रत्येक वेळी मागे कोंबून घ्यायचं वहिनींनी. जिम्नीला मागच्या सीटसाठी वेगळी दारं आहेत. गाडी उंच तीही आहेच, जमिनीपासूनची उंची (ग्राउंड क्लिअरन्स) २१० मिलिमीटर (थारची २२६), तेव्हा कुठलीही घेतलीत तरी एक पायरी बसवून घ्या. टेस्ट ड्राइव्हला आईंना बरोबर न्या आणि चार वेळा चढउतार करायला लावा. मला स्वतःला एका शोरूमवाल्याने गुळगुळीत हायवेवर दोन किलोमीटर फिरवून आणलं होतं आणि म्हणे, बघा कशी ऑफ-रोड गाडी!

कातळाच्या चढाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरी परीक्षा तिथे. लांज्याला अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवलं, माझी स्वतःची जुनी एमएम ५४० जीप अजून दारात आहे. एका श्रावणात मावशीच्या घराकडे चढताना तिचं मागचं डावं चाक चरात लोंबकळलं, पुढचं उजवं हवेत. फोर बाय फोर टाकलेली, इंजिन बोंबलतंय, आणि ही दोन चाकं पंख्यासारखी गरगरतायत. जमिनीवर टेकलेली दोन ढिम्म. डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचा, स्वभावच तसा, जे चाक सहज फिरतं त्यालाच फिरवत बसायचं. शेवटी ऐनाचे टाळे (फांद्या) तोडून चाकाखाली घातले आणि चौघांनी ढकललं. आजच्या या दोन्ही गाड्या अशा वेळी गरगरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावतात, मग ताकद टेकलेल्या चाकाकडे वळते. थारच्या काही व्हेरियंटना शिवाय मागच्या अ‍ॅक्सलला मेकॅनिकल लॉक मिळतो; तो ब्रेकच्या सोयीपेक्षा खणखणीत. जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, त्यामुळे चर-उंचवट्यात चाकं जमिनीला धरून राहतात. आणि ती थारपेक्षा जवळजवळ अर्धा टन हलकी. चिखलात रुतलीच तर बागेतले चार गडी तिला बाहेर काढतील. थारसाठी ट्रॅक्टर बोलवावा लागेल.

पऱ्याला मात्र थार उजवी. साडेसहाशे मिलिमीटर पाणी ती ओलांडते असं कंपनीच सांगते, आणि वाहत्या पाण्यात जड गाडी दमाने उभी राहते, हलकी लवकर उचलली जाते. पऱ्याला पाणी चढलं की जिम्नीवाल्याने तासभर थांबायचं. अणुस्कुरा घाटाने भरल्या गाडीने नेहमी कोल्हापूर करणार असाल तरी मी थारचं डिझेल म्हटलं असतं. तिचा टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) ३०० न्यूटन-मीटर, जिम्नीच्या पेट्रोलचा १३४. घाटात जिम्नीचा गिअर सारखा उतरवावा लागतो. पण तुमचं जाणं-येणं रत्नागिरीचं.

आंब्याच्या पेट्यांचा विचार या खरेदीत आणूच नका. जिम्नीची डिकी २०८ लिटरची, थारचीही सांगण्यासारखी नाही. सीझनला पिकअप सांगायचा तो सांगावाच लागेल.

थारची रिअर व्हील ड्राइव्ह तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. १.५ लिटर डिझेल आणि चार मीटरच्या आत असल्याने ती सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटीत बसते. तुम्ही म्हणताय त्या दोन्ही ४० टक्क्यांच्या. स्वस्त पडते, दिसायला तीच, पण पुढच्या चाकांना ताकद जात नाही. तुमच्या कातळासाठी नको. थारच्याच मोठ्या बहिणीला, रॉक्सला, पाच दारं आहेत, पण ती १,८७० रुंद. गडग्याला विचारा.

तेव्हा माझं मत जिम्नी, मॅन्युअल. टायर मात्र तिला डांबरी रस्त्याचे येतात. शेवाळलेल्या कातळावर ते साबणासारखे सरकतील. ऑल-टेरेन (चिखल-कातळावरही पकडणाऱ्या) टायरचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढा. चढाआधी टायरची हवा बावीस पीएसआयपर्यंत उतरवा, हायवेला लागण्याआधी परत भरा; छोटा कॉम्प्रेसर डिकीत राहू द्या. उतरताना फोर-एल (चारही चाकांना ताकद, संथ गिअर), पहिला गिअर आणि ब्रेकवरून पाय काढलेला. मुलाला थार आवडते यात त्याची चूक नाही, मलाही तीच आवडते. माझ्या घरापर्यंत बारा फुटी रस्ता आहे.

प्रश्न : नवी फोर बाय फोर घेतली. पावसात हायवेवर फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) लावून ठेवली तर चालेल ना? परवा पेट्रोल पंपावर वळवताना गाडी अडखळत उड्या मारायला लागली.

– चिपळूण

उत्तर : पंपावर छपराखाली कोरडं होतं, म्हणून. थार काय, जिम्नी काय, फोर-एचमध्ये पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, ते जमत नाही. चिखलात चाक थोडं घसरून हिशेब जुळवून घेतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, मग सगळा पीळ गिअरबॉक्समध्ये साठतो. हायवेला टू-एचच (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवा. कधी फोर-एचमधून लिव्हर निघेना, तर ओढाताण करू नका. सरळ रेषेत दहा-पंधरा फूट रिव्हर्स घ्या, पीळ सुटला की लिव्हर आपोआप मोकळा होईल.