अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला नेमकं अडवतं कोण?

तुम्ही विचारलंय की स्पर्धा परीक्षेसाठी सत्ताविभाजन, नियंत्रण व संतुलन, संघराज्य, न्यायालयीन पुनर्विलोकन ही अमेरिकी राज्यघटनेची तत्त्वं पाठ केली, पण एवढ्या ताकदवान राष्ट्राध्यक्षाला प्रत्यक्षात कोण आणि कसं अडवतं ते कळत नाही. यादी थोडा वेळ बाजूला ठेवा आणि १९५२ चा पोलाद कारखान्यांचा खटला बघा. मला स्वतःला हा विषय त्या खटल्यामुळेच उलगडला.

कोरियात युद्ध चालू होतं. इकडे पोलाद कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात मजुरीवरून तिढा पडला होता. कामगारांनी काही महिने संप पुढे ढकलला आणि शेवटी तो सुरू करायला ९ एप्रिल ही तारीख ठरली. आदल्या रात्री राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी आदेश काढला की देशातले बहुतेक मोठे पोलाद कारखाने वाणिज्यमंत्री चार्ल्स सॉयर यांनी सरकारच्या ताब्यात घ्यावेत. पोलाद थांबलं तर आघाडीवरच्या सैनिकांची शस्त्रं थांबतील, हे त्यांचं कारण. कारण खोटं नव्हतं. अडचण अशी की असा ताबा घेता येईल असं सांगणारा कायदा ते दाखवू शकत नव्हते. राष्ट्राध्यक्ष आणि सरसेनापती म्हणून घटनेनेच मला अधिकार दिलेत, एवढाच त्यांचा आधार.

आता यातली गंमत पाहा. संपामुळे देश अडचणीत येत असेल तर ८० दिवसांची स्थगिती मिळवण्याची सोय १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्यात होती. तो कायदा ट्रूमनना मुळीच पसंत नव्हता. त्यांनी नकाराधिकार वापरला होता, पण दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश बहुमताने तो झुगारून कायदा केला. शिवाय तो करताना सरकारला कारखाने ताब्यात घेऊ द्यावेत का यावरही काँग्रेसमध्ये (म्हणजे त्यांच्या संसदेत, आपला पक्ष नव्हे) विचार झाला होता आणि ती कल्पना नाकारली गेली होती. म्हणजे संसदेने जे द्यायचं नाही असं ठरवलं, तेच ट्रूमन स्वतःहून घेत होते.

कंपन्या कोर्टात गेल्या. दोन महिन्यांच्या आत, २ जूनला, सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा निकाल ट्रूमन यांच्या विरोधात दिला. कायदे करणं हे पहिल्या कलमाने काँग्रेसकडे दिलेलं काम, आणि राष्ट्राध्यक्षाचं काम त्या कायद्यांची अंमलबजावणी करणं. सरसेनापतीपद रणांगणासाठी आहे, देशातल्या कारखान्यांवर त्याचा हुकूम चालत नाही, असा निकालाचा गाभा. नऊच्या नऊ न्यायाधीश ट्रूमन किंवा त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीच नेमलेले होते. ट्रूमन यांनी नेमलेल्या चौघांपैकी दोघांनी त्यांच्याच विरोधात मत दिलं. न्यायाधीशांची नेमणूक तहहयात असते आणि त्यांचा पगार कमी करता येत नाही, ही तिसऱ्या कलमातली कोरडी वाटणारी तरतूद अशा वेळी कामाला येते. ट्रूमन यांनी लगेच कारखाने परत केले. संप झाला आणि सात आठवड्यांहून जास्त चालला.

या खटल्यात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी निकालाशी सहमत होऊन लिहिलेलं वेगळं मत मूळ निकालापेक्षा जास्त वाचलं जातं. त्यांनी तीन परिस्थिती मांडल्या. काँग्रेसची संमती असेल तेव्हा राष्ट्राध्यक्षाची ताकद सर्वाधिक. काँग्रेस गप्प असेल तेव्हा धूसर प्रदेश. काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जात असेल तेव्हा ताकद सगळ्यात कमी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. पुस्तकात तिन्ही शाखा (काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष, न्यायालय) सारख्या वाटतात, पण राष्ट्राध्यक्ष किती मोठा होणार हे बहुतांशी काँग्रेस आपलं अंगण किती राखते यावर ठरतं. तिजोरी तिच्याकडे, कायदे तिच्याकडे, युद्ध पुकारण्याचा अधिकार तिच्याकडे, महाभियोगही तिच्याकडे.

याची दुसरी बाजू पुस्तकं सहसा सांगत नाहीत. १९४२ मध्ये रूझवेल्ट यांच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरांतून काढून छावण्यांत ठेवलं गेलं. त्यातले बहुतेक अमेरिकी नागरिक होते. काँग्रेसने कायदा करून त्या आदेशाला बळ दिलं आणि १९४४ मध्ये कोरेमात्सू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मान तुकवली. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक. आठ वर्षांनी ट्रूमनना अडवणारा निकालही त्यांनीच लिहिला! तिन्ही शाखा एकाच भीतीने पछाडल्या की नियंत्रण आणि संतुलन कागदावरच राहतं.

पाया असा का घातला गेला, ते थोडक्यात. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जमलेल्यांना दोन्हीकडची भीती होती. राजाची तर होतीच. पण आधीच्या सैल व्यवस्थेत केंद्राला कर लावता येत नव्हता, स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नव्हता, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केलं तेव्हा केंद्र हतबल ठरलं होतं. म्हणून केंद्र मजबूत केलं, पण त्याचे अधिकार मोजून लिहिले. उरलेले राज्यांचे किंवा लोकांचे, हे १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने स्पष्ट केलं. त्याच घटनेत गुलामांना प्रतिनिधित्व मोजण्यासाठी तीन-पंचमांश धरलं होतं, हे विसरून तिचं कौतुक करू नये. समान संरक्षणाचा हक्क यायला यादवी युद्ध आणि १८६८ ची चौदावी दुरुस्ती लागली.

परीक्षेसाठी एक फरक लक्षात ठेवा. घटनाविरोधी कायदा रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार अमेरिकी घटनेत स्पष्ट लिहिलेला नाही. तो १८०३ च्या मार्बरी खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी प्रस्थापित केला. आपल्याकडे मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे रद्दबातल ठरतात, हे कलम १३ मध्येच आहे. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण जरूर वाचा. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत उलट. आणि मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली, असं त्यांनी तिथे मांडलंय. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाने विचारपूर्वक दुसरी वाट निवडली, म्हणून ती तुलना मला कुठल्याही गाइडपेक्षा मोलाची वाटते.

यापुढे व्हाइट हाऊसने मोठा आदेश काढल्याची बातमी आली, की तो कोणत्या कायद्याच्या आधारे काढलाय ते आधी शोधा. आदेशाच्या सुरुवातीलाच ते सहसा लिहिलेलं असतं.