आईच्या ईसीजीत ‘जुना ॲटॅक’ आला कुठून?

प्रश्न : आईचं वय 58. त्रास काहीच नव्हता. गावातल्या शिबिरात ईसीजी काढला, तर कागदावर डाव्या बाजूला जुना ॲटॅक असावा, अशा अर्थाचं इंग्रजी छापून आलं. चार दिवसांनी सांगलीत पुन्हा काढला, तो नॉर्मल. आईने तेव्हापासून पाण्याची कळशीही उचललेली नाही. दोन्ही कागदांचे फोटो पाठवतोय. खरा कुठला? – एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : पहिल्या कागदावर डावीकडे वर ‘लीड वन’ ही दोन हातांमधली नोंद बघा. तिथं सगळंच उपडं आहे, अगदी सुरुवातीच्या बारक्या उंचवट्यासकट. ‘एव्हीआर’ या उजव्या हाताच्या नोंदीत एरवी रेघ खाली जाते, ती तुमच्याकडे वर गेलीय. छातीवरच्या सहा पट्ट्या मात्र दोन्ही कागदांवर सारख्याच. हातांच्या क्लिपा अदलाबदल झाल्या की नेमकं असं दिसतं. लाल उजव्या हाताला लावायची, पिवळी डाव्या. शिबिरात क्लिपांचे रंग उडालेले आणि रांग दारापर्यंत. (हृदय उजवीकडे असेल तरी लीड वन उलटं येतं, पण मग छातीच्या पट्ट्याही बिघडतात.) मशीनला काय कळतंय कुठला हात कुणाचा! ते रेघा मोजतं नि वाक्य छापतं.

मशीनला हसतोय खरा, पण मीही फसलोय. नवीन असताना मिरजेत एका आजोबांची पट्टी बघून जीवघेणी धडधड समजलो आणि इंजेक्शन आणायला पळालो. परत येतो तर आजोबा बशीत चहा ओतून पीत होते, बशी थडथड वाजत होती. कंपवात! मनगट धरलं, नाडी 76. हाताची थरथर कागदावर उतरली होती.

उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट. ॲटॅक सुरू असताना पहिला ईसीजी चांगला येऊ शकतो. म्हणून छातीत दाब, घाम, जबडा किंवा हात दुखणं, एकदम दम लागणं असं काही झालं, तर ‘परवाच नॉर्मल आला होता’ म्हणत घरी बसू नका. दवाखान्यात थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा पट्टी काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात.

फोटोवरून मी निकाल देणार नाही. दोन्ही कागद घेऊन आईंना फिजिशियनकडे न्या. गरज वाटली तर ते इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतील. शिबिरात गोळ्या सुरू केल्या असतील तर त्याही त्यांनाच विचारून बंद करा. आणि कागदांची आजच झेरॉक्स काढा. तो कागद उन्हाने, उष्णतेने पुसट होत जातो.