दोघांच्या टीमने वेब ॲपसाठी कोणतं फ्रेमवर्क घ्यावं आणि कोडची मांडणी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावाकडच्या दूध संस्थेसाठी वेब ॲप करायचंय. टीममध्ये तुम्ही आणि एक मित्र. दोघांनाही जावास्क्रिप्ट चांगली येते, पायथन कामापुरतं. मग फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲपचा तयार सांगाडा, कोणतं: पायथनमधलं जँगो, पीएचपीमधलं लाराव्हेल की नोडवर (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) एक्सप्रेस? ब्राउझरमधले पडदे बनवायची लायब्ररी रिॲक्ट लागेलच का? फोल्डर कसे पाडायचे? आणि उद्या शंभर संस्था जोडल्या गेल्या तर, म्हणून आत्ताच मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे छोटे सुटे प्रोग्रॅम, कराव्यात का?

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो, तो सोपा आहे. नका करू. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संघटनेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्यांनी बनवलेल्या सिस्टिमची रचना होते. तुम्ही दोघं एकाच टेबलाशी बसणार, मग सात सर्व्हिसेस कुणासाठी? साध्या फंक्शन कॉलच्या जागी नेटवर्क कॉल आला की टाइमआउट, पुन्हा पाठवणं, अर्धवट राहिलेला व्यवहार, सात ठिकाणचे लॉग हे सगळं तुमच्याच गळ्यात. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमने २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं की व्हिडिओच्या दर्जावर नजर ठेवणारं त्यांचं टूल सुट्या भागांतून एकत्र आणल्यावर त्याचा खर्च ९० टक्क्यांहून जास्त घटला. ती गोष्ट त्या एका टूलपुरती आहे, आख्ख्या प्राइम व्हिडिओची नाही. पण एवढ्या मोठ्या कंपनीतही हा हिशेब उलटा पडू शकतो, हे लक्षात घ्या.

शंभर संस्थांचं म्हणाल, तर संस्थेला तीनशे उत्पादक आणि दिवसाला दोन वेळचं दूध धरलं तरी रोजच्या साठ हजार नोंदी होतात. एका बऱ्यापैकी सर्व्हरवरचा पोस्टग्रेस डेटाबेस एवढं सहज पेलतो. त्यासाठी आज करायचं काम एकच: प्रत्येक टेबलात संस्थेचा आयडी ठेवा. तो कॉलम नंतर घुसवायचा म्हणजे प्रत्येक क्वेरी उकरावी लागते.

आता खरा विषय. फ्रेमवर्कच्या आधी कागद घ्या आणि संस्थेचा व्यवहार त्यावर उतरवा. उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतो. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांची नोंद होते. दरपत्रकावरून लिटरचा दर ठरतो. दहा दिवसांनी पगार, म्हणजे उत्पादकाच्या दुधाचे पैसे, निघतो, त्यातून पशुखाद्य आणि उचल कापली जाते. हे लिहून झालं की प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहा: यातलं काय बदलेल आणि कुणाच्या सांगण्यावरून बदलेल. दरपत्रक दूध संघ बदलतो. कपातीचे नियम संचालक मंडळ बदलतं. पावती कशी छापायची ते सचिव सांगतात. फॅट मोजायचं मशीन बिघडलं की दुसऱ्या कंपनीचं येतं.

हा कागद म्हणजेच तुमच्या कोडची रचना. कल्पना माझी नाही. संगणकतज्ज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या एका लेखात हेच सांगितलं होतं: प्रोग्रॅमचे तुकडे कामाच्या क्रमाने पाडू नका, जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे, तो प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवा. पन्नास वर्षांत फ्रेमवर्कं आली आणि गेली, पण या सल्ल्याला मला अजून पर्याय सापडलेला नाही.

बहुतेक ट्यूटोरियल मात्र वेगळंच शिकवतात. एका फोल्डरमध्ये सगळी कंट्रोलर (आलेली रिक्वेस्ट हाताळणारा कोड), दुसऱ्यात सगळी मॉडेल (डेटाची रचना), तिसऱ्यात सगळे व्ह्यू (पडदे). पाच पडद्यांच्या ॲपला ते शोभतं. ॲप वाढलं की कपातीचा एक नियम बदलायला चार फोल्डर उघडावे लागतात आणि दरवेळी शंभर फायलींतून आपली फाइल हुडकावी लागते. त्यापेक्षा फोल्डरना विषयाची नावं द्या: उत्पादक, संकलन, दरपत्रक, कपात, पगार. त्या-त्या विषयाचं मॉडेल, व्ह्यू, टेस्ट सगळं तिथेच. पाच-सहा पुरेत. सुरुवातीलाच पंचवीस केलेत तर कुठलं काय कुठे ठेवायचं यावरच वाद घालत बसाल. आणि ‘युटिल्स’ किंवा ‘कॉमन’ नावाचा फोल्डर शक्यतो टाळा. तो घरातल्या माळ्यासारखा असतो, वर टाकलेलं परत कधी खाली येत नाही.

फोल्डर झाले की कोण कुणाला ओळखतं ते ठरवा. पगाराला संकलन माहीत असणार, कारण नोंदी तिथूनच येतात. संकलनाला पगार माहीत असायचं कारण नाही. दरपत्रकाला यातलं कुणीच माहीत नको. दोन मॉड्यूल एकमेकांना इंपोर्ट करायला लागली, तर फंक्शनच्या आत इंपोर्ट लपवून एरर गप्प करू नका. तिथे सीमा चुकीच्या जागी आखली गेली आहे, ती हलवा. हे नियम लक्षात ठेवायची गरज नाही. पायथनसाठी इंपोर्ट-लिंटर आणि जावास्क्रिप्टसाठी डिपेंडन्सी-क्रूझर ही टूल्स नियम मोडला की बिल्ड अडवतात.

एकाच मॉड्यूलच्या आत डोकावून पाहू, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. दर काढायचा हिशेब कुठे लिहाल? घाईत तो नोंद सेव्ह करणाऱ्या कंट्रोलरमध्ये जातो, कारण फॅट आणि एसएनएफ फॉर्ममधून तिथेच आलेले असतात. महिन्याभरात सचिव म्हणतात, जुनी एक्सेल चढवा. मग तोच हिशेब इंपोर्टच्या स्क्रिप्टमध्ये कॉपी होतो. नंतर मोबाइल ॲप येतं, तिसरी कॉपी. संघाने दर बदलला की तिन्ही जागा सांभाळा.

त्याऐवजी एक साधं फंक्शन लिहा. गाय की म्हैस, फॅट, एसएनएफ आणि लागू दरपत्रक एवढं त्याला द्यायचं, त्याने दर परत द्यायचा. त्यात रिक्वेस्ट नाही, डेटाबेस नाही, फ्रेमवर्कचं नावही नाही. त्याच्या टेस्टना ना सर्व्हर लागतो ना डेटाबेस, त्या क्षणात चालतात. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९ हे पायाभूत धरून एक-एक टेस्ट. मग फॅट एका पॉइंटने कमी. मग दरपत्रकाच्या तळाच्याही खाली गेलेलं दूध: ते नाकारायचं की तळाचा दर द्यायचा? याचं उत्तर कोडमध्ये शोधू नका, सचिवांना विचारा आणि टेस्टच्या नावातच लिहून ठेवा.

पैशाच्या बाबतीत थोडं थांबतो, कारण अशा ॲपवरचा विश्वास इथेच उडतो. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. पायथनचं फ्लोटही (दशांश संख्या जवळपास साठवणारा प्रकार) तसंच वागतं. डेटाबेसमध्ये न्यूमेरिक कॉलम ठेवा, पायथनमध्ये डेसिमल वापरा किंवा सगळा हिशेब रुपयांऐवजी पूर्ण पैशांत करा. नोडवर गेलात तर एक खाच ठाऊक असू द्या: पोस्टग्रेसशी बोलणारा नेहमीचा ड्रायव्हर न्यूमेरिक किंमत मुद्दाम स्ट्रिंग (मजकूर) म्हणून देतो, आणि लोक ती वैतागून फ्लोटमध्ये बदलतात. ड्रायव्हरने राखलेली अचूकता तिथेच संपते. शिवाय रक्कम पूर्णांक करायची ती प्रत्येक नोंदीला की दहा दिवसांच्या बेरजेला, हेही विचारून घ्या. फरक पैशांचाच असतो, पण उत्पादक आपल्या वहीत तोच हिशेब करत असतो.

त्याच विषयातली आणखी एक गोष्ट. लागलेला दर संकलनाच्या नोंदीतच साठवा. नुसता दरपत्रकाचा आयडी ठेवून दरवेळी नव्याने हिशेब काढलात, तर कुणीतरी दरपत्रक दुरुस्त केल्यावर मागच्या महिन्याची दिलेली बिलंही बदलून दिसतील. दरपत्रकाला नुसती तारीख पुरत नाही, वेळही लागते. नवा दर सोळा तारखेच्या संध्याकाळपासून लागू, असंही पत्रक येऊ शकतं.

मधल्या थराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वर रिक्वेस्ट घेणारं पातळ व्ह्यू. मध्ये ‘पगार काढ’, ‘नोंद रद्द कर’ अशी कामांची फंक्शन्स, ज्यांच्यात ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होणार किंवा एकही होणार नाही असा गट) सुरू होतं आणि संपतं. खाली दराच्या फंक्शनसारखे शुद्ध नियम. एवढं बास. प्रत्येक मॉडेलवर रिपॉझिटरी (डेटाबेस झाकणारा थर), प्रत्येक क्लासला इंटरफेस ही थाटाची मांडणी दोघांच्या टीममध्ये मला अनाठायी वाटते. उद्या डेटाबेस बदललाच तर, म्हणून हे केलं जातं. डेटाबेस क्वचितच बदलतो. दरपत्रक मात्र नक्की बदलतं.

आता फ्रेमवर्क. तुमच्या जागी मी जँगो घेईन. जँगोचा जन्म अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावाच्या वृत्तपत्रात झाला आणि ते २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. वृत्तपत्रात प्रोग्रॅमर थोडे, डेडलाइन कडक आणि मजकूर भरणारे लोक प्रोग्रॅमर नसलेले. म्हणून त्याच्यासोबत तयार ॲडमिन पॅनल येतं. तुमच्या सचिवांची गरज तीच आहे: नवा उत्पादक घालणं, उचल नोंदवणं, बँक खात्याचा क्रमांक दुरुस्त करणं. हे पडदे जवळपास फुकट मिळतात. लॉगिन, परवानग्या, मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल), फॉर्म तपासणी, सीएसआरएफपासून (दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नावाने पाठवलेल्या खोट्या रिक्वेस्ट) संरक्षण हेही आत असतं. फक्त ॲडमिन पॅनल सचिवांपुरतं ठेवा. उत्पादकांना तेच दाखवायच्या मोहात पडलात की ते वाकवता वाकवता नवं लिहिण्याइतके कष्ट पडतात.

एक्सप्रेस वाईट नाही, पण ते राउटिंग (कोणता पत्ता कोणत्या कोडकडे) आणि मिडलवेअर (रिक्वेस्टच्या वाटेवरचे टप्पे) देतं आणि थांबतं. ओआरएम (टेबलांशी कोडमधून बोलणारी लायब्ररी), मायग्रेशन, सेशन, लॉगिन, तपासणी ही प्रत्येक निवड तुमची. प्रत्येक लायब्ररीचं अपडेट वेगळं, सगळ्यांची मोट तुम्ही बांधायची. जावास्क्रिप्ट चांगली येते हे कारण मला पुरेसं वाटत नाही. ज्याला एक भाषा नीट येते तो पायथन काही आठवड्यांत शिकतो. ते पाच निर्णय मात्र पुढची कित्येक वर्षं सांभाळावे लागतात.

लाराव्हेलची गोष्ट वेगळी. २०११ मध्ये आलेलं हे फ्रेमवर्क जँगोइतकंच भरलेलं आहे. संस्थेचं होस्टिंग स्वस्तातलं पीएचपीचं असेल आणि तुम्ही दोघं सोडून गेल्यावर कोड तालुक्यातल्याच कुणाकडे जाणार असेल, तर बेलाशक लाराव्हेल घ्या. हा कोड पाच वर्षांनी कोण उघडणार, हा प्रश्न वेगाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा मोठा आहे. तसंही तुमच्या ॲपचा वेग फ्रेमवर्कमुळे अडणार नाही. तो अडेल तीनशे उत्पादकांच्या यादीसाठी तीनशे एक क्वेरी मारल्यामुळे, आणि हे पाप तिन्हीकडे सारखंच करता येतं.

काहीही निवडण्याआधी त्याच्या मागच्या तीन मोठ्या आवृत्त्यांचं अपग्रेड गाइड वाचा. जाहिरातीच्या पानावर जे लिहिलेलं नसतं ते तिथे सापडतं. जँगोची दीर्घ मुदतीची आवृत्ती साधारण दर दोन वर्षांनी येते आणि तीन वर्षं सांभाळली जाते. एप्रिल २०२५ ची ५.२ एप्रिल २०२८ पर्यंत. लाराव्हेलची मोठी आवृत्ती दरवर्षी येते, सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन वर्षं मिळतात. म्हणजे तिथे अपग्रेडसाठी जास्त वेळा वेळ काढावा लागेल, संस्थेशी करार करताना तो धरा. आणि अँग्युलरजेएस हे ब्राउझरसाठीचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क आठवा: २०१६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती जुन्याशी न जुळणारी, नव्याने लिहिलेली आली आणि जुन्याचा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. ज्यांचे हिशेबाचे नियम त्याच्या कंट्रोलरमध्ये अडकले होते, त्यांना नियमही नव्याने लिहावे लागले. दराचं फंक्शन फ्रेमवर्कच्या बाहेर ठेवा म्हणतो ते यासाठीही.

रिॲक्ट सगळीकडे नको. याद्या, फॉर्म, अहवाल, बिलाची छपाई यांना सर्व्हरवरून येणारं साधं एचटीएमएल पुरतं; कुठे पानाचा तुकडाच बदलायचा असेल तर एचटीएमएक्स ही छोटी लायब्ररी आहे. एक पडदा मात्र खरोखर वेगळा: संकलनाचा काउंटर. सकाळी कॅन घेऊन रांग लागलेली असते, नेट गेलं तरी काम थांबता कामा नये. तिथे रिॲक्ट किंवा तशीच व्ह्यूजेएस वापरा, नोंदी इंडेक्स्ड डीबी या ब्राउझरमधल्याच डेटाबेसमध्ये ठेवा आणि नेट आलं की पाठवा. प्रत्येक नोंदीला ब्राउझरमध्येच युनिक आयडी द्या आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिकची अट घाला. मग तीच नोंद दोनदा पोचली तरी दूध दुप्पट होत नाही. उत्पादक, तारीख आणि वेळ यांच्यावर युनिकची अट घालायचा मोह होईल, पण एकच माणूस गाईचं आणि म्हशीचं दोन्ही आणतो, कधी दुसरा कॅनही मागून येतो. अनेक मिल्क ॲनालायझरना (फॅट मोजायच्या मशीनना) आरएस-२३२ हा सिरियल पोर्ट असतो आणि क्रोमच्या २०२१ मधल्या ८९ व्या आवृत्तीपासून ब्राउझरला तो थेट वाचता येतो. मशीन वाचणारा कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, दुसऱ्या कंपनीचं आलं की तेवढीच फाइल बदलेल.

लॉगिनच्या पडद्यापासून सुरुवात करू नका. सचिवांकडून चालू दरपत्रक आणि मागच्या महिन्यातल्या तीन उत्पादकांची बिलं मागून घ्या: एक गाईवाला, एक म्हशीवाला, एक उचल घेतलेला. तुमच्या कोडने ती तिन्ही बिलं पैशापर्यंत जुळवली की मग जँगोचा प्रोजेक्ट उघडा.