दोन बटणांत मावणारे खेळ

प्रश्न: सेकंडहँड गेम बॉय अ‍ॅडव्हान्स मिळालाय. मला तलवारी, जादू, रोल-प्लेइंग वगैरे काही नकोय, फक्त स्पोर्ट्स गेम खेळायचेत. फिफाच्या (फुटबॉलच्या) कॅसेट सगळीकडे दिसतात, त्याच घेऊ का अजून काही बघू?

उत्तर: फिफा घेऊच नका असं नाही, पण सुरुवात तिथून करू नका. जीबीएचा (म्हणजे गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा) स्क्रीन २४० बाय १६० पिक्सेलचा, समोर ए आणि बी एवढी दोनच बटणं आणि वर एल, आर, बास. आता एवढ्याशा जागेत टीव्हीवर दिसते तशी अख्खी मॅच कोंबायची म्हटली की खेळाडू मुंगीएवढे होतात, पास देताना समोर कोण आहे ते दिसत नाही आणि निम्मा वेळ आपण बॉल शोधण्यातच घालवतो. शिवाय दरवर्षीचा फिफा त्या वर्षीच्या टीम्ससाठी घ्यायचा असतो, आणि जीबीएवर ०७ नंतर फिफा आलाच नाही, म्हणजे जे काही आहे ते सगळं जुनंच. नॉस्टॅल्जिया असेल तर घ्या, स्वस्तात मिळाला तर घ्या, बाकी सोडा.

ज्या खेळात माणूस एका वेळी एकच गोष्ट करतो ना, तो खेळ हँडहेल्डवर, म्हणजे अशा हातात धरायच्या कन्सोलवर, मस्त जमतो. आणि यातला राजा म्हणजे गोल्फ! हसू नका. प्रत्यक्षात कधी गोल्फची काठी हातात धरली नसेल तरी चालेल, २००४ चा 'मारिओ गोल्फ: अ‍ॅडव्हान्स टूर' मिळाला की लगेच उचला.

यात होतं असं की खाली एक पट्टी असते, बटण दाबलं की त्यावर खूण पळायला लागते, दुसऱ्यांदा दाबलं की ताकद ठरते, मग खूण परत फिरते आणि तिसऱ्यांदा दाबायचं ते बॉलला फटका नेमका कुठे बसणार त्यासाठी. जरा उशीर झाला की बॉल गेला झाडीत. आता यात वारा कुठून येतोय ते धरा, बॉल रफमध्ये (उंच गवतात) पडलाय का बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) ते धरा, ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक गवताला) उतार किती ते धरा, म्हणजे काम एका बोटाचं पण डोकं पूर्ण गुंतलेलं. अर्ध्या होलवर कोणी हाक मारली तरी हरकत नाही, बॉल आहे तिथेच पडून राहतो, तो काय पळून जातोय. फुटबॉलमध्ये ही चैन नाही.

आता एक अडचण आहे :) तुम्ही म्हणालात रोल-प्लेइंग नको, आणि मी नेमकं तेच पुढे करतोय. या गेमच्या स्टोरी मोडमध्ये नील किंवा एला यातला एक जण तुम्ही घ्यायचा, उरलेला तुमचा पार्टनर, मग क्लबमध्ये फिरा, लोकांशी बोला, स्पर्धा जिंका, लेव्हल वाढली की पॉइंट लांबीत टाकायचे का कंट्रोलमध्ये ते ठरवा. बनवलाय कॅमलॉटने, म्हणजे ज्यांनी जीबीएवरचा रोल-प्लेइंग गेम 'गोल्डन सन' बनवला तेच, त्यामुळे ही मुरलेली मंडळी आहेत. तलवार नाही, राक्षस नाही, पण 'अजून एक लेव्हल करू आणि झोपू' वाली खाज तीच. एकदा खेळून बघा, मग नको म्हणा.

त्याच लोकांचा टेनिसही आहे, 'मारिओ टेनिस: पॉवर टूर', २००५ चा. इथे टेनिस अकादमीतली पोरं आहेत, मारिओ आणि कंपनी फार उशिरा उगवतात, त्यामुळे फक्त मारिओसाठी घेत असाल तर धीर धरा. कंट्रोल मात्र एकदम भारी. ए म्हणजे टॉपस्पिन (बॉल पुढे फिरवत), बी म्हणजे स्लाइस (मागे फिरवत), आधी ए मग बी दाबलं की लॉब (समोरच्याच्या डोक्यावरून उंच), उलटं केलं की ड्रॉप शॉट (नेटपलीकडे हळूच), दोन्ही एकत्र दाबले की सपाट जोरदार. दोन बटणांत पाच फटके! समोरचा नेटजवळ आला की लॉब, मागे गेला की ड्रॉप, हे हाताला एकदा बसलं की मग मजा आहे. शोधताना नावाचा घोळ लक्षात ठेवा: हाच गेम युरोपात 'मारिओ पॉवर टेनिस' आणि जपानमध्ये 'मारिओ टेनिस अ‍ॅडव्हान्स' नावाने आला. कॅसेटला रीजन लॉक (एका भागातली दुसऱ्या भागातल्या मशीनवर न चालणं) नाही, कुठलीही चालते, फक्त जपानी घेतलीत तर स्टोरीतलं बोलणं जपानीत.

तिसरा 'टोनी हॉक्स प्रो स्केटर २', २००१ चा. स्केटिंगला स्पोर्ट म्हणायचं का यावर वाद घालत बसू नका. मोठ्या कन्सोलवर कॅमेरा स्केटरच्या मागे असतो, इथे व्हिकेरियस व्हिजन्सवाल्यांनी तो वरून तिरका लावला आणि तरी सगळ्या ट्रिक्स बसवल्या. सुरुवातीला रेलवर चढताना अंदाज चुकतो कारण उंची कळत नाही, तेव्हा स्केटरच्या सावलीवर नजर ठेवा. दोन मिनिटांचा एक रन, पडलात तर परत.

फुटबॉल पाहिजेच असेल तर जुन्या गेम बॉयचा 'निंटेंडो वर्ल्ड कप' बघा, ती कॅसेट जीबीएत चालते. तुमच्या हातात एकच खेळाडू, बाकीच्यांना फक्त सांगायचं, पास दे, शॉट मार. फाउल नावाची भानगडच नाही, समोरच्याला सरळ आडवा करा. खरा फुटबॉल नाहीये तो, पण दंगा चांगला आहे.

प्रश्न: क्रिकेटचा कुठला?

उत्तर: त्यासाठी जीबीए सोडा आणि सोनीचा हँडहेल्ड पीएसपी बघा. कोडमास्टर्सचा 'ब्रायन लारा २००७ प्रेशर प्ले' त्यावर आहे.

प्रश्न: माझ्या जुन्या जीबीएवर दिवसासुद्धा नीट दिसत नाही, स्क्रीन खराब झालाय का? आणि गेम बॉय कलरच्या 'मारिओ गोल्फ'मध्ये सेव्ह टिकत नाही, कॅसेट नकली निघाली का?

उत्तर: स्क्रीन बहुतेक ठीक असणार, पहिल्या जीबीएला लाइटच नव्हता, खिडकीजवळ किंवा दिव्याखालीच खेळायचा तो. घडीचा जीबीए एसपी घेतला तर लाइट मिळतो, त्यातही एजीएस-००१ मध्ये उजेड समोरून पडतो आणि एजीएस-१०१ मध्ये मागून, मागून वाला कितीतरी झकास, पाठीवरच्या लेबलवर मॉडेल नंबर असतो तो बघूनच घ्या. फक्त एसपीला हेडफोनचं भोक नाही.

सेव्हचं म्हणाल तर 'मारिओ गोल्फ'च्या त्या १९९९ च्या कॅसेटमध्ये आत एक छोटी बटण बॅटरी असते, तिच्या जिवावर सेव्ह टिकतो, ती संपली की दर वेळी पहिल्या होलपासून. ती सोल्डर केलेली असते, त्यामुळे ज्याला सोल्डरिंग येतं त्याच्याकडून बदलून घ्या, आणि तिच्यात थोडा जीव शिल्लक असला तरी काढली की आतला सेव्ह जातोच. नकलीची शंका जास्त जीबीएच्या कॅसेटबाबतीत घ्यायला हवी. अस्सल कॅसेटच्या लेबलवर दाबून उमटवलेला एक छोटा नंबर असतो, तिरक्या उजेडात धरला की दिसतो, आणि खालच्या कनेक्टरच्या वर बोर्डवर निंटेंडोचं नाव छापलेलं असतं. दोन्ही नसेल तर विकणाऱ्याला आतल्या बोर्डचा फोटो मागा, टाळाटाळ केली तर दुसरीकडे बघा.