हेलिकॉप्टरचे दिवस भरलेत का?

प्रश्न : मुलगा एएमई, म्हणजे विमान-हेलिकॉप्टरच्या देखभालीचा कोर्स करतोय आणि हेलिकॉप्टरचंच लायसन्स, म्हणजे बी१.३ घ्यायचं म्हणतोय. घरचे सगळे म्हणतात आता ड्रोन आणि उडत्या टॅक्सी येणार, हेलिकॉप्टरला कोण विचारतंय. या धंद्याचं पुढे काय होईल?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, पुढच्या वीस वर्षांचं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. या धंद्यात भल्याभल्यांचे अंदाज आपटलेत. २०१४ च्या मध्यापर्यंत कच्चं तेल बॅरलला शंभर डॉलरच्या वर होतं, समुद्रातल्या तेलविहिरींच्या रिगवर माणसं न्यायला मोठमोठी हेलिकॉप्टर्स धडाधड घेतली गेली, सगळ्यांना वाटलं हे असंच चालणार, आणि तेल कोसळलं. २०१६ ला सीएचसी, २०१९ ला पीएचआय आणि ब्रिस्टो, या हेलिकॉप्टर चालवणाऱ्या बड्या कंपन्यांनी दिवाळखोरीसाठी कोर्ट गाठलं. मशीन चांगलीच होती हो, काम आटलं.

म्हणून मी आधी काम बघते. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत समुद्रात, जुहूवरून लाइफ जॅकेट घालून माणसं तिकडे ड्युटीला जातात, तेवढं जाऊन परत येणं आजच्या बॅटरीला झेपत नाही. उडत्या टॅक्सी बनवणाऱ्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर २०२४ मध्येच बुडीत निघाल्या. लष्करात मात्र ड्रोननं खरंच जागा खाल्लीय, अमेरिकन आर्मीनं टेहळणीच्या नव्या हेलिकॉप्टरचा प्रोग्रॅम फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केला. आपल्याकडे उलट चित्र, मार्च २०२५ मध्ये एचएएल या सरकारी विमान कंपनीला १५६ ‘प्रचंड’ लढाऊ हेलिकॉप्टर्सची ऑर्डर मिळाली. ही बनवायची म्हणजे पुढे वर्षानुवर्षं सांभाळायचीही.

आणि सांभाळणं हेच तर तुमच्या मुलाचं काम. गिअरबॉक्समध्ये चिप डिटेक्टर असतो, एक छोटंसं लोहचुंबक. मेकॅनिक ते काढून बघतो, टोकाला नेहमीच्या बारीक भुकटीपेक्षा मोठा धातूचा कीस चिकटलेला दिसला तर तो कुठून आला ते शोधावं लागतं. एप्रिल २०१६ मध्ये नॉर्वेत एका हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधला एक गिअर आतून तडकला, रोटर म्हणजे वरचा पंखाच सुटला, १३ जण गेले, आणि त्या चुंबकानं आधी काहीच इशारा दिला नव्हता. मशीन जुनी होत जातील तसा असल्या कामाला जाणता माणूस लागणारच, हे मी खात्रीनं सांगते.

तर त्याला बी१.३ घेऊ द्या. फक्त सगळी भिस्त तेलाच्या कामावर नको, आणि जमेल तेव्हा विमानांची बी१.१ पण जोडून घे म्हणावं.