टीव्हीसाठी मिनी पीसी, तोही हप्त्यावर?

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: मी जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे, पगार 32 हजार. भावासोबत दोन एकर कापूस. हॉलमध्ये 2018 चा 43 इंची फुल एचडी टीव्ही आहे, स्मार्ट नाही. दोन टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये लग्नाचं शूटिंग, वडिलांनी जमवलेली कीर्तनं आणि पिक्चर आहेत. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये इंटेल एन100 चा मिनी पीसी पाहिला, 21,500 रुपये, बारा महिने नो कॉस्ट ईएमआय. मुलगा अकरावी सायन्सला आहे, त्याच्याही अभ्यासाला होईल. रास्पबेरी पाई 5 हा तळहाताएवढा कॉम्प्युटर सगळं सामान धरून 11,500 ला पडतो. ऑफिसातला जुना छोटा पीसी दुकानदार 9 हजारांत द्यायला तयार आहे. मोबाइलवर नेटफ्लिक्सचा 149 चा प्लॅन आहे. कापसाचे 30 हजार बँकेत आहेत. पतसंस्थेत बायकोची पोत ठेवून 12 टक्क्यांनी 50 हजार घेतलेत. काय घ्यावं?

भाऊ, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य 'मुलाच्याही अभ्यासाला होईल' हे आहे. टीव्हीसाठी साडेएकवीस हजार घालायला तुमचंच मन धजत नाही, म्हणून खर्चाला मुलाचा अभ्यास जोडलाय. ही सवय घरोघरी आहे. पण रोजचं चित्र डोळ्यासमोर आणा. संध्याकाळी साडेसातला बाबांना कीर्तन लावायचंय आणि त्याच वेळी मुलाला त्याच टीव्हीवर फिजिक्सचं लेक्चर बघायचंय. यंत्र एक, पडदा एक. चार दिवसांत मुलगा पुन्हा मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जाईल आणि मिनी पीसी फक्त टीव्हीचा होऊन बसेल. मुलाला कॉम्प्युटर खरंच लागत असेल तर तो त्याच्या टेबलावर हवा, मॉनिटरसकट, आणि त्याचा हिशोब वेगळा मांडायला हवा.

आता हप्त्याचं बघू. 1,792 चे बारा हप्ते. 'नो कॉस्ट'मध्ये व्याज असतंच, फक्त तेवढी सूट किमतीत दाखवलेली असते. कार्डाचा व्याजदर वर्षाला 15 टक्के धरला तर या व्यवहारात साधारण 1,650 रुपये व्याज बसतं. त्याची सूट मिळते, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याच माथी, म्हणजे तीनशेच्या आसपास. प्रोसेसिंग फी 199 असेल तर जीएसटी धरून 235. शिवाय रोखीने घेतलं असतं तर दुकानदाराने हजारभर सोडले असते का, हे विचारून बघा. ते धरले तर फुकटाचा हप्ता दीड हजाराला पडतो. शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलंय.

आणि हे करताना तुमचे 30 हजार बचत खात्यात जेमतेम व्याजावर पडून आहेत, तर पोतीवर 12 टक्के चाललेत. 21,500 रुपयांवर 12 टक्के म्हणजे वर्षाला 2,580. मिनी पीसीच्या किमतीशेजारी हा आकडाही लिहून ठेवा.

यंत्रांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चुकीचं यंत्र घेतलं की वर्षभरात दुसरं घ्यावं लागतं.

एन100 वाईट नाही. 2023 साली आलेली, सहा वॅटची चिप आहे. एचईव्हीसी आणि एव्ही1 या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती; दोन्ही प्रकारचे व्हिडिओ ती प्रोसेसरवर भार न टाकता हार्डवेअरवरच उलगडते, वीजबिलातही जाणवत नाही. पण तुमचा टीव्ही फुल एचडी. फोरके चालवायची ताकद विकत घेऊन दाखवणार कुठे? दुसरी अडचण रिमोटची. अशा बहुतेक मिनी पीसींच्या एचडीएमआयमध्ये सीईसी नसतं, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने तो चालत नाही. बाबांच्या हातात वायरलेस माऊस देऊन पाहा, मग मला कळवा.

नऊ हजारांच्या जुन्या पीसीचा मोह मला समजतो. आकार छोटा, कंपनी नावाजलेली, पेटी दणकट. पण कितव्या पिढीचा प्रोसेसर आहे ते विचारल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका. इंटेलच्या सहाव्या पिढीत दहा बिटांचं (रंगांच्या जास्त छटांचं) एचईव्हीसी पूर्णपणे हार्डवेअरवर चालत नाही, ते सातव्यापासून नीट आलं. एव्ही1 तर अकराव्यापासून. विंडोज 11 ला अधिकृतपणे आठवी पिढी लागते आणि विंडोज 10 चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला बंद केला. ऑफिसं हे पीसी आता का काढताहेत, त्याचं उत्तर याच तारखेत आहे. यूट्यूब लावल्यावर पंखा गिरणीसारखा घोंगावणार असेल तर नऊ हजारही जास्तच.

रास्पबेरी पाई हौशी माणसाचं यंत्र आहे. त्यावर लिब्रेइलेक ही सिस्टिम आणि कोडी हा प्लेअर टाकला की हार्ड डिस्कवरचे पिक्चर झकास चालतात, टीव्हीचा रिमोटही चालतो. गोची ओटीटीची आहे. नेटफ्लिक्स वगैरे त्यावर जुगाडाने चालवावं लागतं, चित्रही कमी दर्जाचं. मेमरी महागल्यामुळे कंपनीने 2025 च्या शेवटी किमतीही वाढवल्या. शिवाय वीज अचानक गेली की मेमरी कार्ड खराब व्हायची भीती. आपल्याकडे वीज सांगून जात नाही.

आणि ऊन. पाईचा प्रोसेसर 80 अंशांवर गेला की आपला वेग आपणच कमी करतो. मे महिन्यात बाहेर पारा 45 ला टेकलेला, टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर, आणि त्यामागे चिकटवलेली बंद डबी. पुण्या-मुंबईतल्या माणसाने दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पंखा असलेलं यंत्र घेतलं तर तुमच्या कपड्यांवरून घरात येणारी रुई त्याच्या जाळीत बसणार, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या घराला लागतो तो साध्या टीव्हीला स्मार्ट करणारा, गुगल टीव्हीचं अधिकृत प्रमाणपत्र असलेला, यूएसबी पोर्टवाला बॉक्स. मर्यादा घाला साडेपाच हजारांची. फायर टीव्ही स्टिकही चालेल, पण तिला हार्ड डिस्कसाठी स्वतंत्र पोर्ट नसतं, वीजही देणारा ओटीजी, म्हणजे यूएसबी लावायचा जोड, घ्यावा लागतो. बॉक्स घेताना वाइडवाइन एल1 (ओटीटीवाल्यांना लागणारं चोरीविरोधी कुलूप) आहे का, एवढं विचारा. ते नसेल तर नेटफ्लिक्सचं चित्र एचडीत येत नाही. बॉक्स टीव्हीच्या मागे न कोंबता खालच्या फळीवर मोकळा ठेवा.

बाजारात 'आठ के' लिहिलेले दोन-अडीच हजारांचे बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स मिळतात, तिकडे फिरकू नका. बॅडबॉक्स 2.0 नावाच्या भानगडीबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून 2025 मध्ये इशारा दिला, त्यात असे बॉक्स होते. काहींत चोर सॉफ्टवेअर कारखान्यातूनच भरलेलं. ज्या वायफायवर तुमचं बँकेचं ॲप चालतं त्याच वायफायवर ते बसवायचं नसतं.

पण बॉक्सही लगेच घेऊ नका. आधी हार्ड डिस्क टीव्हीच्याच यूएसबीला लावून पाहा. जुन्या टीव्हीवर साध्या एमपी4 फाइल बऱ्याचदा चालतात, एचईव्हीसीवाल्या पिक्चरला मात्र 'फाइल सपोर्टेड नाही' अशी पाटी येते. कीर्तनं आणि लग्न दिसलं तर बाबांचं काम फुकटात झालं, उरलं फक्त ओटीटी. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर अनेक अँड्रॉइड बॉक्स ती वाचत नाहीत. मग ती एक्सफॅटमध्ये बदलावी लागते, आणि तेव्हा सगळं पुसलं जातं! एफएटी32 करू नका, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लग्न आणि कीर्तनांची दुसरी प्रत तुमच्याकडे आहे का, हे पत्रात कुठे दिसलं नाही. नसेल तर बॉक्सच्याही आधी हजारभराचा 128 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि ज्याची भरपाई कुठल्याच दुकानात होत नाही तेवढं त्यात उतरवा. पिक्चर गेले तर पुन्हा मिळतील.

नेटफ्लिक्सचा 149 चा प्लॅन फक्त मोबाइल आणि टॅबलेटचा आहे. कुठलंही यंत्र आणलं तरी तो टीव्हीवर चालणार नाही. टीव्हीसाठी निदान 199 चा, म्हणजे वर्षाला 600 रुपये जास्त. हा खर्च तुमच्या हिशोबात नव्हता. बाबांच्या कीर्तनांना तर यूट्यूबच पुरेल.

म्हणजे 30 हजारांतून साडेपाच बॉक्सचे, हजार पेनड्राइव्हचे. 15 हजार पोतीच्या कर्जात घाला, वर्षाला 1,800 वाचतात. उरलेले साडेआठ हजार बियाणं-खतासाठी राहू द्या, नाहीतर मेअखेर पुन्हा पतसंस्थेच्या काउंटरवर उभं राहावं लागेल. मुलाच्या कॉम्प्युटरचा विचार बारावीनंतर, तो कुठल्या शाखेला जातोय ते ठरल्यावर. इंजिनिअरिंगला गेला तर लॅपटॉप लागेल आणि हा मिनी पीसी तेव्हाही टीव्हीखालीच असेल.

पतसंस्थेत 15 हजार भरण्यापूर्वी मॅनेजरना दोन गोष्टी विचारा: मुदतीआधी मुद्दलात थोडी रक्कम घेतात का, आणि घेतल्यावर व्याज उरलेल्या मुद्दलावरच लावतात का. भरणा आधी साचलेल्या व्याजात वळता होतो, म्हणून पावतीवर व्याज किती आणि मुद्दल किती हे वेगळं लिहून घ्या. मुद्दलाचा तुकडा घेत नसतील तर ते 15 हजार पोत सोडवायच्या तारखेची मुदत ठेव करून ठेवा. बॉक्सला त्यातला रुपयाही लावायचा नाही.